अनुभव तू सांग, थिअरी मी घेते

ताट माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं.

तन्वीच्या डाव्या हातात ताट. उजव्या हाताची अनामिका कुंकवात बुडवलेली. ती माझ्याकडे वाकली. अर्धीच. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, बोट हवेत अडकलं, आणि ताट, बोट, तन्वी अशी सगळी वरात माझ्या खुर्चीला वळसा घालून पलीकडच्या शीबा मॅडमकडे गेली.

माझा हात वर आलेला होता. तळवा बाहेर. 'नको गं' म्हणायला. आता त्या हाताचं करायचं काय? सगळी स्टाफरूम बघतेय आणि एक हात नुसताच वर. मी तो तसाच मागे नेला आणि अंबाड्यात घातला. पिन नीट केली. पिन नीटच होती.

मुलुंडमधलं कॉलेज. जानेवारी. महिला कक्षाचा कार्यक्रम. दारावर बॅनर, 'सर्वसमावेशक हळदीकुंकू'. हे मी बनवून सांगत नाहीये. मला बनवता येतं, पण इतकं चांगलं नाही. वाण म्हणून कापडी पिशव्या, त्यांवर हिरव्या अक्षरांत 'शिक्षण सर्वांसाठी'. सगळ्याजणी काळ्या साड्यांत. मी निळी नेसले होते. मुद्दाम? अर्थात.

मी तिथे समाजशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढा वेळ तुम्ही वर्गात, तेवढा वेळ कॉलेज तुमचं. घंटा झाली की परकं. डॉक्टरेट आहे, सेटची परीक्षा पास आहे, घसा आहे. पन्नाशीला टेकले. तन्वी माझ्याच विभागात नवीन लागलेली, माझ्या मुलाच्या वयाची. गोड पोरगी.

त्या दिवशी टेबलावर माझ्या आधी कोण कोण होतं ते सांगते, कारण पुढे त्याचं काम आहे. आधी ग्रंथपाल मॅडम. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी "अगं, मला कशाला" म्हणत मान मागे घेतली, तर तन्वी म्हणाली, "काय मॅडम, आता कोण मानतं हे!" आणि लावलंच. टाळ्या. मग गणिताच्या मॅडम. आमच्यातल्याच, जयभीमवाल्या. पर्मनंट. नवरा मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी ताटासमोर तळवा धरला, ट्रॅफिक पोलिसासारखा. "नो थँक यू. आम्ही नाही लावत." तन्वी हसून म्हणाली, "ओके मॅडम, रिस्पेक्ट!" पुन्हा टाळ्या.

मग मी.

मग शीबा मॅडम. केरळच्या, ख्रिस्ती, माझ्यासारख्याच तासिकेवर. त्यांनी मजेत कपाळ पुढे केलं. "मुझे बडावाला लगाओ हां!" हशा. फोटो.

मला ते कुंकू नकोच होतं, हे आधी सांगून टाकते. माझ्या आईनं कुंकू सोडलं ते नवरा जिवंत असताना. स्वतःहून. मोकळ्या कपाळानं विक्रोळीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, आणि कोणी विचारलं तर उभं राहून सगळं समजावून सांगायची. सुपरवायझर कंटाळेपर्यंत. मीही कधी लावलं नाही. नवरा होता तेव्हाही नाही. मग मला नक्की काय लागलं? तेव्हा मला सांगता आलं नसतं. मी तिळाचा लाडू खाल्ला. चांगला होता. दोन खाल्ले.

नंतर बेसिनपाशी तन्वीनं मला गाठलं.

"मॅडम, सॉरी हां. तुम्ही बुद्धिस्ट ना. मला वाटलं तुम्हाला ऑकवर्ड होईल."

"गणिताच्या मॅडमना तर विचारलंस की गं."

"त्या... त्या बोलतात ना मॅडम. त्यांचं वेगळं."

त्यांचं वेगळं. बरं.

दुपारी ग्रंथालयात गेले तर ग्रंथपाल मॅडमनी मला कपाटाआड ओढलं. "तन्वीला मीच डोळ्यानं खुणावलं बाई. तुझं दुःख अजून ओलं आहे. कशाला जखमेवर मीठ?"

"मीठ नव्हतं मॅडम, कुंकू होतं."

त्या हसल्या नाहीत. माझा खांदा थोपटला.

आणि संध्याकाळी निघताना वैजयंती मॅडम. आमच्या विभागप्रमुख. उंच, देखण्या, आवाज असा की कार्यक्रमात माईक लागत नाही. वयानं माझ्यापेक्षा लहान. त्या मला 'अगं, तू' म्हणायच्या, मी त्यांना 'तुम्ही'. कधी ठरलं, कोणी ठरवलं, माहीत नाही.

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस हं. वर्गणी पर्मनंट स्टाफची होती. तासिकावाल्यांवर कशाला भार? म्हणून तुझं नाव धरलंच नव्हतं."

"शीबा मॅडमचं धरलं होतं."

"अगं, ती परक्या राज्यातली. तिला बरं वाटावं म्हणून. तू काय, तू हक्काची. तू समजून घेशील."

तिन्ही बायका चांगल्या. हे नीट ऐका. एखादी वाईट असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते. भांडण मला येतं, कन्नमवार नगरात वाढलेय. पण इथे तिघींनी माझी काळजी घेतली होती. तिघींनी वेगवेगळी. आणि तिघींच्या काळजीतून मिळून मी टेबलाच्या बाहेर.

बस पकडली. घरी आले. कुलूप.

आता घराचं सांगायला हवं. मला गोष्टी सांगायची खोड आहे. लहानपणी आमच्या कॉलनीत चौदा एप्रिलला मी स्टेजवर एकटी सगळी पात्रं करायची. लग्न झालं तर नवरा असा मिळाला की तो कांदा चिरता चिरता ऐकायचा. कंपनीतून येऊन, हातपाय धुऊन, सुरी घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "हां, बोल. आज कोणाची वाट लावलीस?" मी प्राचार्य करायचे, शिपाई करायचे, नापास झालेल्या पोराचा बाप करायचे. तो एकच शब्द बोलायचा. "पुढं?" एवढ्या एका शब्दावर मी इतकी वर्षं नोकरी केली.

तो गेला. मुलगा बंगळुरूला. रविवारी फोन करतो. चांगला आहे. पण म्हणतो, "आई, शॉर्टमध्ये सांग ना."

शॉर्टमध्ये! मला!

तर त्या दिवशी घरी आले आणि ओट्यावर डबे मांडले. साखरेचा डबा वैजयंती मॅडम. पोह्यांचा लांब डबा ग्रंथपाल. गणिताच्या मॅडम म्हणजे डाळीचा, त्याला घट्ट झाकण आहे. शीबा मॅडम कॉफी. तन्वी म्हणून लिंबू. मी स्वतः हिंगाची डबी झाले. लहान, पण ठेवाल तिथे कळते. मग लिंबू फिरवलं. सगळ्यांचे आवाज काढले. "काय मॅडम, आता कोण मानतं हे!" छान काढला तन्वीचा आवाज. "मुझे बडावाला!" तोही छान.

लिंबू हिंगापाशी आलं. थांबलं. वळलं.

पुन्हा केलं. पुन्हा वळलं.

विधवा म्हणून वगळलं म्हणावं, तर पोह्यांचा डबाही विधवाच. बौद्ध म्हणून म्हणावं, तर डाळीला विचारलं होतं. तासिकेवरची म्हणून म्हणावं, तर कॉफी तासिकेवरचीच. कुठलंही एक कारण घेऊन भांडायला जा, समोर लगेच एक डबा उभा. 'बघ, हिला तर आम्ही घेतलं!'

मी मोठ्यानं हसले. एकदम झकास रचना होती. नाटकवाल्याला सुचणार नाही अशी. हसले, आणि मग सवयीनं वळून बघितलं, 'पुढं?' कोण म्हणतंय का. गॅसवर दूध होतं फक्त.

आणि गंमत ऐका. ह्याच गोष्टीला आमच्या विषयात नाव आहे. आंतरछेदिता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोटाचं ऑपरेशन आहे. अर्थ असा की माणसाची जात, बाईपण, पैसा, नोकरी असे वेगवेगळे कप्पे नसतात. ते एकमेकांवर चढतात आणि जिथे चढतात तिथे जो उभा असतो, त्याचं दुखणं कुठल्याच कप्प्यात सापडत नाही. तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात हा भाग नवीन आला, तेव्हा वैजयंती मॅडमनी तो माझ्याकडे सरकवला होता. "अगं, हे तू घे. मला ते शब्द उच्चारवत नाहीत." मी वर्षभर तो शिकवला. मन लावून. सगळी पुस्तकं वाचली, सोप्या मराठीत आणला, पोरांना भांडुपची उदाहरणं दिली, कांजूरची दिली. वर्गात मी बोलायचे आणि साठ तोंडं ऐकायची. दिवसभरात तेवढाच वेळ मी कोणाशी तरी बोलत असायचे. तो वर्ग गेला तर मी कुठे बोलणार होते? डब्यांशी?

फेब्रुवारीत कळलं, बाहेरून तपासणी समिती येणार. त्यांना एक आदर्श तास दाखवायचा. विषय, समावेशक अध्यापन. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मी बसमध्येच तासाची सुरुवात ठरवून टाकली.

वैजयंती मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला की समजायचं.

"तुझाच भाग घेतोय आपण समितीसमोर."

"हो मॅडम. मी तयारी सुरू केलीय."

"अगं, नाही, नाही. तुला नको एवढा ताण. थिअरी मी घेते. अनुभव तू सांग."

"कसला अनुभव?"

"तुमचा गं. म्हणजे... गाव, विहीर, पाणवठा. ते लोकांना पटकन भिडतं."

"मॅडम, मी विक्रोळीची. आमच्याकडे नळ होता. पाण्यावरून मारामाऱ्या व्हायच्या, पण त्या सगळ्यांच्या सगळ्यांशी."

"मग आईचं काहीतरी सांग. दहा मिनिटं. थोडं रडू आलं तरी चालेल. नॅचरल वाटेल."

मी चहा प्यायले.

"आणि हे बघ," त्या मायेनं म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या तासिका मलाच ठरवायच्यात. तू आहेस म्हणून मी निश्चिंत असते. शेवटी हक्काचं माणूस ते हक्काचं."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? वर्ग हवा होता मला.

तासाचा दिवस. वर्ग धुतलेला, पंख्यांची जळमटं काढलेली. शेवटच्या बाकांवर समितीचे तिघे आणि प्राचार्य. पोरं कपडे करून आलेली, आणि त्यांच्याच वर्गात पाहुण्यासारखी बसलेली. समोर पडदा. पडद्यावर वैजयंती मॅडमचा चौक. दोन रस्ते एकमेकांना छेदतात ते चित्र. रस्त्याच्या कडेला बर्फ होता. मुलुंडची पोरं बर्फाकडे बघत होती.

मॅडम चांगलं बोलल्या. आवाजच तसा. 'आंतरछेदिता' म्हणताना एकदा अडखळल्या, पण हसून नेलं. माझ्याच नोट्स होत्या. माझं वाक्य आलं की मला आतून कळायचं, आता विनोद येणार. आणि त्या विनोद गाळायच्या.

फळ्याच्या बाजूला एक खुर्ची ठेवली होती. प्राचार्यांच्या केबिनमधली. गादीची. तोंड वर्गाकडे.

"आणि आता," मॅडम म्हणाल्या, "आपल्या मॅडम आपला जिवंत अनुभव सांगतील."

मी जाऊन बसले. गादी मऊ होती. साठ तोंडं. हीच तोंडं रोज मला बघायची, पण उभी. बसलेली मी त्यांनी कधी पाहिली नव्हती. तिसऱ्या बाकावरच्या नूतननं मान खाली घातली. नूतन भांडुपची, हुशार, वर्गात फारसं बोलत नाही. तिला लाज वाटत होती. माझी नव्हे. माझ्यासाठी वाटत होती.

ते मला सोसलं नाही.

मी उठले. खुर्ची उचलली, जड होती, भिंतीला लावली. खडू घेतला.

"अनुभव आज कोणाचाच नाही," मी म्हटलं. "कोडं आहे. सोडवा."

आणि फळ्यावर एक लांब टेबल काढलं.

कोणाचं नाव घेतलं नाही. एक ऑफिस म्हटलं. एक ताट. एक विधवा, तिला लावलं. एक बौद्ध, तिला विचारलं, तिनं नाही म्हटलं, टाळ्या. एक कंत्राटी, तिनं लावून घेतलं, फोटो. आणि एक बाई जी विधवाही, बौद्धही, कंत्राटीही. ताट आलं, थांबलं, वळलं. मी ते करून दाखवलं. डस्टरचं ताट केलं. थांबणं असं केलं की पहिल्या बाकावरची पोर दचकली. मला येतं ते.

"सांगा. का वळलं?"

मागच्या बाकावरचा रोशन, वर्गातलं टवाळ, लगेच ओरडला, "मॅडम, तिला पिशवी तरी दिली का?"

हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. कॉलेजात सगळ्यांकडे त्या पिशव्या होत्या. वर्ग हसला. तन्वी दारात उभी होती, ती लाल झाली. वैजयंती मॅडमचा चेहरा हळूहळू बदलत गेला. टेबल ओळखीचं वाटू लागलं असावं.

"नाही दिली. पुढे बोला."

पोरं सुटली. जातीमुळे. नाही, मग त्या दुसरीला कसं विचारलं? नवरा नाही म्हणून. मग पहिलीला कसं लावलं? वाद पेटला. दोघं बाकावर चढायचे बाकी होते. मग नूतन उभी राहिली. हात वर न करता.

"मॅडम, बाकीच्या सगळ्यांचं एकेक कमी होतं. ते त्यांनी दुसऱ्यावर सांभाळून घेतलं. कोणाची नोकरी होती, कोणाचा नवरा, कोणाची जात. हिचं सगळंच कमी. मग सांभाळणार कशावर?"

मी फळ्याकडे वळले, कारण माझं तोंड त्यांना दाखवायचं नव्हतं.

"पण मॅडम," रोशन म्हणाला, आता टवाळी न करता, "त्या बाईला कुंकू पाहिजे होतं का?"

"नव्हतं."

"मग प्रॉब्लेम काय? नको तेच झालं ना?"

"अगदी बरोबर!" वैजयंती मॅडम पुढे आल्या. पहिल्यांदाच घाईनं. "म्हणजे हेतू चांगलाच असू शकतो, नाही का? वेळ झालीय, आपण..."

"रोशन," मी म्हटलं, "उद्या तुझ्या मित्रांनी ट्रेकला जायचं ठरवलं. तुला जायचं नव्हतंच. पण तुला कोणी विचारलंच नाही. घरी बसून तू काय म्हणशील? 'मी नाही गेलो'?"

तो विचारात पडला. "नाही. म्हणेन, मला नेलं नाही."

"तेच. त्या बाईकडे एकच गोष्ट होती देण्यासारखी. नकार. आईकडून आलेला. तो तिनं द्यायच्या आधीच इतरांनी परस्पर देऊन टाकला. तिच्यातर्फे. मायेनं."

हे वाक्य मी बसमध्ये ठरवलेलं नव्हतं. महिनाभर त्या वर आलेल्या हाताचं काय झालं होतं, ते मला तिथे, खडू हातात असताना कळलं. शिकवताना कळलं. मी आयुष्यभर कोणीतरी विचारायची वाट बघत होते. विचारा म्हणजे मी नको म्हणेन. विचारा म्हणजे मी हो म्हणेन.

समितीतले एक वयस्कर सर उभे राहिले. चष्मा पुसत होते. "फार उत्तम उदाहरण. मॅडम, हे कुठल्या पुस्तकातलं?"

प्रश्न त्यांनी वैजयंती मॅडमना विचारला. साहजिकच. उंच, देखण्या.

आणि मॅडमनी, हे बघा, मी अजूनही त्यांना दाद देते, श्वाससुद्धा घेतला नाही. "पुस्तकातलं नाही सर. आमच्या विभागानं मिळून डेव्हलप केलंय."

मिळून.

प्राचार्य मान डोलवत होते. समितीतल्या बाई लिहून घेत होत्या. साठ तोंडं माझ्याकडे. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

आवाज फार मोठा नव्हता. पण वर्गाला माझा आवाज माहीत होता.

"नाही सर. विभागानं नाही. हे मी तयार केलंय. आत्ता ज्या नोट्स वाचल्या, त्याही माझ्या. हा भाग इथे मी शिकवते. मॅडम शिकवत नाहीत."

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. तसं काही मनात आणू नका. घंटा झाली, समिती गंभीर तोंडानं जेवायला गेली, पोरं बाहेर पडली. रोशन जाताना "भारी हां मॅडम" म्हणाला आणि पळाला. तन्वीनं पडदा गुंडाळला. माझ्याकडे न बघता.

कॉरिडॉरमध्ये वैजयंती मॅडमनी मला थांबवलं. डोळ्यांत खरं पाणी होतं. तेच वाईट. खरं होतं.

"असं करायचं होतंस? चव्हाट्यावर? अगं, हक्काची म्हणून तुला पुढे केलं मी."

"हक्काची म्हणजे काय हो, वैजयंती?"

नुसतं नाव, मॅडम न लावता. पहिल्यांदा. आम्ही दोघीही थांबलो त्या शब्दापाशी.

"काय म्हणालीस?"

"हक्काची म्हणता ना मला. हक्क कोणाचा? माझा तर एकही दिसला नाही. म्हणजे तुमचाच असणार. माझ्यावर."

त्या निघून गेल्या. टाचांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

त्यानंतर स्टाफरूममध्ये मला उघड कोणी काही बोललं नाही. हे वाईट बोलण्यापेक्षा अवघड. मी आले की गप्पांचा सूर जरा खाली यायचा, पंखा कमी केल्यासारखा. ग्रंथपाल मॅडमनी पुस्तकं दिली, खांदा थोपटला नाही. शीबा मॅडम म्हणाल्या, "क्यों किया यार, अपनी तो वैसे भी गिनती नहीं." गणिताच्या मॅडमकडे मी आशेनं बघितलं होतं, कबूल करते. त्या जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "बरोबरच बोललीस. पण मला ह्यात धरू नकोस. मुलीची ॲडमिशन आहे इथे." जातीचं माणूस, बाईमाणूस, आणि तरी ती तिच्या ठिकाणी, मी माझ्या. पुस्तकात हेही लिहिलेलं आहे. मीच शिकवलं होतं. वाचताना इतकं गार वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्या दिवसाचा सगळा तास पुन्हा करायला घेतला. समितीच्या सरांचा आवाज काढला. रोशनचा काढला. वैजयंतीचा काढला. मग माझं 'नाही' आलं. ते दुसऱ्या आवाजात काढताच येईना. ते माझ्याच आवाजात होतं. खेळ तिथेच थांबवला आणि जेवायला बसले. एक ताट, एक वाटी.

जूनमध्ये तासिका तन्वीला गेल्या. मला कळवलं नाही. वेळापत्रक लागलं, त्यात मी नव्हते, एवढंच. तोच भाग, तेच शब्द. तन्वी माझ्याच नोट्सवरून शिकवते म्हणे. चांगलं शिकवत असेल. विनोद गाळू नकोस, एवढंच तिला सांगायचं होतं. फोन केला नाही.

आता मी घाटकोपरला एका क्लासमध्ये बारावीला शिकवते. पोरं मोबाइल बघतात. चालतं.

आणि आता त्याच मुलुंडच्या कॉलेजात, त्याच विभागात, एक पर्मनंट जागा निघतेय. मुलगा म्हणाला, "आई, दुसरीकडे बघ ना. तिथे कशाला अपमान करून घ्यायला?" शीबा मॅडमचा मेसेज आला, "उधर मत जा, वो लोग तेरेको नहीं लेंगे." विहारातल्या ताई म्हणाल्या, "पोरी, आपलं नाव तिथं कापलंय." सगळे माझी काळजी घेतायत. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय की मी जायचं नाही.

मी जाणार आहे.

तिथेच. निळी साडी नेसून. मुलाखतीच्या टेबलापलीकडे वैजयंती असेल, प्राचार्य असतील, बाहेरचे दोघं-तिघं असतील. मला समोर बसवावं लागेल. मी तिथे विहीर सांगणार नाही, आई सांगणार नाही, नवरा सांगणार नाही. विषय सांगेन. खडू मागेन, फळ्याशी जाईन, शिकवून दाखवीन. नंतर त्यांना मला नको म्हणायचं असेल तर म्हणू देत. पण माझ्या तोंडावर. मोठ्यानं. सगळ्यांसमोर, कारण देऊन. तुमच्यात चालत नाही म्हणून, तुला त्रास नको म्हणून, तू समजून घेशील म्हणून, ह्यातलं काही चालणार नाही.

मी समजून घेणार नाही.

ते तोंडावर नको म्हणेपर्यंत खुर्चीतून उठणार नाही. आणि पुढच्या वेळी जागा निघाली की पुन्हा जाऊन बसणार.